‘ळ’ला किती गुण?

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, सायंआरतीपूर्वी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीला अजून पाऊण तास आहे आणि मधल्या वेळात कोणी तरी काही तरी बोलावे अशी आपल्याकडे पद्धत आहे. गेल्या वर्षी आपण मधुमेहावर ऐकले, त्याच्या आदल्या वर्षी आयकरावर. दोन्ही विषय प्रसादाच्या आधी जरा जड पडले. म्हणून सांस्कृतिक सचिवांनी मला गाठले तेव्हा मी म्हटले, मी खेळावर बोलतो. त्यांना वाटले, क्रिकेट. नाही. मी बोलणार आहे स्क्रॅबलवर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा बाय पंधरा घरांचा पट, म्हणजे २२५ चौकोन. पिशवीत १०० टाइल्स, त्यातल्या ९८ अक्षरांच्या आणि २ कोऱ्या. प्रत्येकाने सात उचलायच्या आणि पटावरच्या शब्दाला जोडून आपला शब्द लावायचा, शब्दकोड्यासारखा आडवा किंवा उभा. प्रत्येक अक्षराचे गुण त्याच्यावरच छापलेले असतात. काही रंगीत घरे हे गुण दुप्पट-तिप्पट करतात. साती टाइल्स एका दमात लागल्या तर वर ५० गुण बक्षीस. नियम म्हणाल तर एवढेच. पण एवढ्यावर आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये दोन माणसे एकमेकांशी चकार शब्द न बोलता तीन तास बसतात, आणि घरी समजूत अशी की आज लाइनवर ब्लॉक घेतलेला आहे.

हा खेळ ज्याने काढला तो आल्फ्रेड मोशर बट्स पेशाने आर्किटेक्ट होता. अमेरिकेतल्या महामंदीत बांधकामे बसली आणि १९३१ मध्ये त्याची नोकरी गेली. रिकामा बसलेला आर्किटेक्ट काय करणार? मोजमापे घेणार! एडगर अ‍ॅलन पो याच्या ‘द गोल्ड-बग’ या कथेत, कोणते अक्षर किती वेळा येते याच्या हिशेबावरून गुप्त मजकूर उलगडतात. बट्सने तोच हिशेब वर्तमानपत्राला लावला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची पाने पुढ्यात घेऊन त्याने अक्षरे मोजली. त्यातून ठरले की ‘ई’च्या टाइल्स १२, ‘ए’ आणि ‘आय’च्या नऊ-नऊ, ‘क्यू’ आणि ‘झेड’ची एकेक. जे मुबलक त्याला एक गुण, जे क्वचित त्याला दहा. ‘एस’ मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले. नाही तर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करत बसला असता.

त्याने पट कसे तयार केले ते ऐकून आमच्या खात्यातल्या मंडळींना बरे वाटेल. ड्रॉइंगच्या सामानाने आखायचे, त्याच्या ब्ल्यूप्रिंट काढायच्या आणि त्या घडीच्या पटावर चिकटवायच्या. मिनी-ड्राफ्टर खांद्याला अडकवून ज्यांनी डिप्लोमाला जायची बस पकडली आहे आणि ज्यांच्या नाकात अमोनिया प्रिंटचा वास अजून आहे, त्यांना हा माणूस आपल्यातलाच वाटावा. पुढे खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी त्याला नकार दिला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो नावाच्या गृहस्थाने हक्क घेतले, नियम सोपे केले आणि ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. एका जुन्या शाळेच्या इमारतीत तासाला बारा संच तयार होत. १९४९ सालचा जमाखर्च असा की संच विकले २,४०० आणि तोटा आला ४५० डॉलर. मग मेसीज या बड्या दुकानाच्या प्रमुखाने सुटीत हा खेळ पाहिला आणि परत येऊन विचारले, ‘हा आपल्या दुकानात का नाही?’ अशी गोष्ट सांगतात. १९५४ मध्ये संचांची विक्री चाळीस लाखांच्या घरात गेली.

बट्सला प्रत्येक संचामागे काही सेंट मिळत. त्यातला तिसरा हिस्सा करात गेला, तिसरा त्याने वाटून टाकला आणि उरलेल्यात तो मजेत जगला, असे तो स्वतःच सांगे. स्पेलिंगमध्ये तो कच्चा होता. त्याची पत्नी नीना पूर्वाश्रमीची शिक्षिका, आणि डाव बहुधा तीच जिंके. ही माहिती मी आमच्या घरी फारशी पसरू दिलेली नाही.

आता मला या खेळाचे प्रेम का, ते सांगतो. इंग्रजीच्या प्रेमामुळे म्हणाल तर नाही. मला त्यातला भाव आवडतो, भाव म्हणजे बाजारभाव. इथे शब्दाची किंमत अर्थावर ठरत नाही, अक्षरांवर ठरते. आपले कितीतरी शब्द इंग्रजी कोशात गेले आहेत आणि स्क्रॅबलमध्ये चालतात. ‘लाख’ लावा: एल, ए, के, एच. एक, एक, पाच, चार, म्हणजे झाले अकरा. आता ‘क्रोर’ लावा, म्हणजे कोटी. गुण फक्त सात! रुपयाला सात आणि पैशालाही सातच. घरी जाऊन बेरीज करून पाहा. आपला मुंगूसही त्या कोशात आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मराठीतूनच गेला. गुण अकरा, म्हणजे लाखाइतकेच. तो आठ अक्षरांचा असल्यामुळे एक अक्षर आधी पटावर असावे लागते; मग हातातली सातही खपतात आणि वर पन्नास मिळतात. मी याची कित्येक वर्षे वाट पाहतो आहे.

या खेळाच्या पाठोपाठ त्याच्या वस्तूही आल्या. त्या टाइलचे रूपच असे आहे: फिकट चौकोन, मधे एक अक्षर, खाली कोपऱ्यात बारीक आकडा. कुठेही छापा, शेजारी खेळाचे नाव लिहावे लागत नाही. कप, फ्रिजला चिकटवायची चुंबके, उशा, किल्ल्यांच्या साखळ्या, शर्टाच्या बाह्यांची बटणे, सगळे मिळते. माझ्या ऑफिसच्या टेबलावरच्या कपावर ‘जे’ आहे, आठ गुणांचा. माझ्या नावात ‘जे’ कुठेच नाही. लेकीला दुकानात उरलेला तोच मिळाला. साहेबांना त्यांच्या वाढदिवसाला ‘एस’चा कप मिळाला आहे. ‘एस’ला एक गुण असतो हे आम्ही त्यांना अजून सांगितलेले नाही. गंमत म्हणजे दुकानात सगळ्या कपांची किंमत एकच.

खेळाच्या खास आवृत्त्याही पुष्कळ आहेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या टाइल्सचा संच निघालेला आहे. तो मला पटत नाही. ज्याला हात लावायची भीती वाटते तो खेळ कसला? हॅरी पॉटरच्या दुनियेची आवृत्ती आहे, तिच्यात जादूचे शब्द चालतात. मुलांना ती आवडते, मला त्यात लबाडीला जास्त वाव दिसतो. गोल फिरणारा पट मात्र खरोखर कामाचा आहे. चौघांपैकी तिघांना उलटे वाचावे लागत नाही. प्रवासी संच तर आम्हा रेल्वेवाल्यांसाठीच काढला असावा, टाइल्स खाचेत घट्ट बसतात. गीतांजलीने खरगपूरहून नागपूरला जायचे म्हणजे हजारेक किलोमीटर. साइड लोअरवर पट मांडला की मधल्या सांध्या-क्रॉसिंगांच्या दणक्यांनी एक अक्षर हलत नाही. अंध खेळाडूंसाठी ब्रेल टिंबांच्या टाइल्सचा संच आहे. आणि डोळस खेळाडू पिशवीत हात घालून खोदलेले अक्षर बोटाने चाचपतात म्हणून स्पर्धांमध्ये अगदी गुळगुळीत टाइल्स वापरतात! माणसाचा स्वभाव ओळखून केलेले असे डिझाइन मला फार आवडते.

पण या साऱ्यांत मला हवीशी वाटणारी वस्तू विकत मिळत नाही. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात, जिथे बट्स राहत होता, एका चौकातल्या रस्त्याच्या पाटीवर १९९५ मध्ये प्रत्येक अक्षराच्या खाली त्याचे गुण घातले गेले. मध्यंतरी ती पाटी नाहीशी झाली आणि २०११ मध्ये पुन्हा लागली. आपल्या गावाच्या पाटीवर अक्षरांचे गुण! खरगपूरच्या पाटीवर देवनागरीत असे गुण घालायचे झाले तर ‘ख’ला किती द्यावे, हा प्रश्न माझ्या डोक्यात प्रथम आला तो त्या पाटीचा फोटो पाहून. आणि तिथून मी आजच्या खऱ्या विषयावर येतो.

२००७ साली या खेळाची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स जिंकला. अंतिम फेरीत हरला तो मलेशियाचा गणेश असिर्वथम. (बाप्पांनी नाव दिले, टाइल्स दिल्या नाहीत.) याच रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली आणि २०२४ मध्ये स्पॅनिशमधली. त्याला या दोन्ही भाषा बोलता येत नाहीत. त्याने नुसत्या शब्दांच्या याद्या पाठ केल्या. मी हे वाचले आणि मला आपली कॉलनी आठवली. त्या गृहस्थाला शब्द लिहिता येतात, अर्थ ठाऊक नाहीत. आपल्या मुलांना अर्थ ठाऊक आहेत, शब्द लिहिता येत नाहीत.

रागावू नका. बंगाल नागपूर रेल्वेच्या रुळांवरून ज्यांचे आजोबा-पणजोबा इकडे आले, त्या घरांत आजही मराठी बोलली जाते, ही साधी गोष्ट नाही. पण मुले देवनागरी शिकतात ती हिंदीच्या तासाला. मग मराठी वाचतानाही हिंदीचा चष्मा लागतो. शाळेची ‘शाला’ होते, डाळीची ‘दाल’ होते, आणि परवा एका चिमुरडीने स्टेजवर ‘लोकमान्य तिलक’ म्हटले तेव्हा तिच्या आजी पदराआड हसल्या, पण मला वाटते त्या पुरत्या हसत नव्हत्या. आपल्या उडिया शेजाऱ्यांकडे ‘ळ’ आहे, तेलुगू शेजाऱ्यांकडे आहे. बंगाल्यांकडे नाही, हिंदीवाल्यांकडे नाही. आमच्या डेपोतले बंगाली दादा ‘काळे’ हे आडनाव गेली आठ वर्षे ‘काले’ असे उच्चारतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या जिभेला ते अक्षर कधी मिळालेच नाही. आपल्या मुलांना मिळालेले आहे. निबंध स्पर्धा आपण दर वर्षी ठेवतो, आणि वह्या दर वर्षी कमी येतात. मुलांना लिही म्हटले की ती पळतात. खेळ म्हटले की बसतात, हा माझा घरचा अनुभव.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही घरी मराठी संच तयार करायला घेतला. हे काही आम्हीच प्रथम केले असे नाही. ‘अक्षरित’ नावाचा असा खेळ हिंदीसह काही भारतीय भाषांत पूर्वी निघालेला आहे. पण आपल्या हाताने केले की भाषा आतून कळते.

पहिली अडचण बाराखडीची. क, का, कि, की असे प्रत्येकाला वेगळे टाइल द्यायचे तर पिशवीऐवजी सिमेंटचे पोते लागेल. तेव्हा ठरवले की टाइलवर फक्त व्यंजन, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार फुकट. जोडाक्षराला दोन टाइल्स. स्वरांसाठी एकच ‘अ’, तोच आ, तोच इ, तोच ओ. ‘शाळा’ आडवा लागला असेल तर त्याच्या ‘ळ’वर येऊन संपणारा ‘फळ’ उभा लावता येतो. यावर आपल्या एका ज्येष्ठ काकांनी आक्षेप घेतला की मात्रा फुकट दिल्या तर ऱ्हस्व-दीर्घ शिकणार कधी? आक्षेप रास्त होता. म्हणून नियम केला: शब्द पटावर लावायचा आणि गुणांच्या कागदावर पूर्ण लिहायचाही. ‘मूल’ दीर्घ, ‘मुले’ ऱ्हस्व. लिहिताना चुकला तर डाव गेला. आणि बघा, ज्या पोरांना दहा ओळी लिहायचा कंटाळा येतो ती डाव जाऊ नये म्हणून कोश उघडून बसतात.

दुसरी अडचण मोजणीची. बट्ससारखे मोजायला हवे. नमुना म्हणून आपली नेहमीची घोषणा घ्या: गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या. जोडाक्षरे सोडवून व्यंजने मोजली तर २२ भरतात. त्यात ‘प’ चार वेळा, ‘र’ आणि ‘य’ तीन-तीन वेळा, ‘व’ दोनदा, बाकीची दहा एकेकदा. ‘ळ’ एकदाही नाही. एवढ्यावरून संच केला तर ‘प’ सर्वांत स्वस्त होईल आणि ‘स’, ‘ह’, ‘न’ तर पिशवीत नसतीलच. म्हणजे एक वाक्य पुरत नाही. वर्तमानपत्र, गोष्टीचे पुस्तक, पत्र, पाककृती, अशी तऱ्हेतऱ्हेची पाने मोजावी लागतात. ट्रॅकचा एक मीटर पाहून सेक्शनचा अहवाल लिहीत नाहीत, तसेच हे.

तिसरी अडचण सर्वांत मजेची. इंग्रजीत ‘एस’ला लगाम घालावा लागला. मराठीत अनेकवचनाला असे एक अक्षर नाही. घर-घरे, मूल-मुले, मात्रेवर काम भागते. पण विभक्तीचे काय? घराला, घराने, घराचा, घरात! ल, न, च, त ही चार अक्षरे ज्याच्या हाती तो कोणाच्याही नामामागे डबा जोडून मोकळा. आणि आपल्या भाषेत असे डबे कितीही लागतात. ‘घरच्यांसारख्यांनासुद्धा’ असा शब्द कोणी लावला तर पट संपायचा. म्हणून प्रत्यय बंद, कोशात असेल तेच रूप. मग क्रियापदे उरली ती करणे, बसणे, उठणे अशी, आणि त्यामुळे ‘ण’ला एकदम मागणी आली. ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाही, पण शेवटी तो सारखा हवा असतो. ‘ण’च्या टाइल्स आम्ही वाढवल्या आणि गुण उतरवले. ‘ढ’ला मात्र दहा गुण दिले. ‘ढ’ हे अक्षर आणि ‘ढ’ हा शब्द एकच, म्हणून एका टाइलचा शब्द फक्त तिथे चालतो. मुलांना हा नियम फार प्रिय आहे, विशेषतः समोर वडील बसलेले असतात तेव्हा.

आणि ‘ळ’. त्याच्यावर आमच्या घरी दोन संध्याकाळ वाद झाला. लेक म्हणाली, ‘बाबा, दहा द्या. कठीण आहे, सुरुवातीला कधीच येत नाही.’ मी म्हटले, आठवून बघ: बाळ, डाळ, गूळ, तीळ, वेळ, काळ, माळ, केळे, शाळा. शेवटाला तो आपल्याकडे भरपूर आहे. पोलिश भाषेतल्या संचात ‘झेड’ला एकच गुण आहे, कारण त्यांच्याकडे तो रोजचा, फ्रेंचमध्ये ‘के’ दहाचा, कारण त्यांना तो क्वचित लागतो. अक्षराची किंमत त्या-त्या घरी ठरते, शेजाऱ्याकडे ठरत नाही. ‘ळ’ला दहा गुण देणे म्हणजे तो दुर्मिळ झाला असे आपणच लिहून देणे. आणि खुद्द ‘दुर्मिळ’ या शब्दातही तो आहेच. शेवटी तीन गुणांवर तडजोड झाली. टाइल्स पाच.

एक व्यवहाराची गोष्ट. हा संच मंडळातर्फे छापायचा झाला तर त्यावर ‘स्क्रॅबल’ नाव घालू नये. आपल्या जवळच, कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाने हा खेळ संगणकावर आणला होता आणि तो जगभर गाजला. मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ च्या आदेशात न्यायालयाने त्या नावाला मनाई केली, पण खेळावर कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही. खेळ पुढे ‘लेक्स्युलस’ नावाने चालू राहिला. म्हणजे नाव त्यांचे, युक्ती सर्वांची. आपण आपले नाव शोधू. मुलांनी सुचवलेली सात-आठ नावे फळ्यावर लिहिली आहेत.

कार्यकारिणीपुढे माझा दुसरा प्रस्ताव बक्षिसांचा. इतकी वर्षे आपण स्टीलचे डबे देतो. प्रत्येक घरात ते एकात एक बसवून ठेवलेले आहेत. यंदा पांढरे कप घेऊन त्यांच्यावर मराठी अक्षर आणि त्याचे गुण छापून द्यावेत. ज्याच्या नावाचे अक्षर त्याला. फक्त ‘ळ’ने कोणाचेच नाव सुरू होत नाही, तेव्हा ‘ळ’चा कप फिरता ठेवावा आणि स्पर्धेतल्या विजेत्याला वर्षभरासाठी द्यावा. खजिनदारांच्या चेहऱ्यावरून दिसते की त्यांना अंदाजपत्रक हवे आहे. ते मी लेखी देईन.

मोजणीसाठी मला अजून वीस पाने हवी आहेत. प्रत्येक घराने एक पान घ्यावे, शक्यतो आजी आणि नातवंडाने मिळून, आणि एकाने मोजावे, दुसऱ्याने तपासावे. तक्ते झेरॉक्स करून प्रवेशद्वाराच्या टेबलावर ठेवले आहेत. पुठ्ठ्याचा संच प्रसादाच्या मांडवाशेजारी मांडलेला आहे, आरती झाल्यावर चार-चार जणांनी बसावे. कालच्या तालमीत ‘र’च्या दोन टाइल्स कमी भरल्या. कोणाच्या मुलाच्या खिशात निघाल्या तर कृपया आणून द्याव्यात. ‘र’शिवाय मराठीत फार अडते.